एक्झॉस्टच्या भोकात दर वर्षी घरटं: काढायचं कधी, बंद करायचं कसं

लक्षणं साधारण सारखीच असतात. बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन लावला की गवताच्या काड्या खाली पडतात, किंवा पंखा नुसता गुणगुणतो आणि पातं जागचं हलत नाही. बाहेरच्या भिंतीवर भोकाखाली पांढरे ओघळ दिसतात. सकाळी सहापासून आत चिवचिवाट. काडीकचरा ओढून काढला, चार दिवस शांतता, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. मग कोणीतरी आतून पुठ्ठा लावतं, दमट बाथरूमला बुरशी धरते, आणि पुढच्या मार्चमध्ये पुठ्ठ्यामागे नवीन संसार थाटलेला असतो.

दर वर्षी हे होण्याचं कारण एकच: घरटं निघतं, भोक तसंच राहतं. साळुंकी आणि चिमणी झाडाच्या ढोलीत घर करणारे पक्षी. नऊ इंच जाडीच्या भिंतीतलं, वरून पावसापासून आडोसा असलेलं, मांजर पोहोचणार नाही अशा उंचीवरचं भोक ही त्यांच्या दृष्टीनं आयती ढोली. एकदा तिथून पिल्लं सुखरूप उडाली की ती जागा जोडीच्या पसंतीची होते. आणि ती जोडी गेली तरी दुसरी येते, कारण शहरात अशा जागांसाठी भांडणं चालू असतात. त्यामुळे घरटं काढणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. खरं काम त्याच दिवशी, बाहेरच्या तोंडाशी, हवा न अडवता भोक बंद करण्याचं.

(पुढे ‘चिमणी’ म्हणजे पक्षी. ओट्यावरच्या यंत्राला ‘किचन चिमणी’ म्हटलं आहे, नाहीतर घोळ व्हायचा.)

आधी हे बघा: गॅस गीझर आहे का?

ज्या बाथरूममध्ये गॅस गीझर आहे तिथल्या झरोक्यात किंवा एक्झॉस्टमध्ये घरटं असेल, तर आजपासून तो गीझर बंद. हवा खेळती नसली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. दार लावून आंघोळ करणाऱ्याला चक्कर येते तेव्हा कडी काढायचीही ताकद उरलेली नसते. पिल्लं उडेपर्यंत पाणी स्वयंपाकघरात तापवा. या एका बाबतीत ‘खिडकी थोडी उघडी ठेवतो’ ही तडजोड चालत नाही.

कोण आहे आणि काय चाललंय

घाईनं हात घालण्याआधी तासभर बाहेरून बघा. सकाळची वेळ उत्तम. भोक दिसेल अशा जागी, पंधरा-वीस फूट लांब बसायचं.

पक्षी चोचीत काडी, दोरा, प्लास्टिकचा तुकडा घेऊन आत जातोय: घरटं बांधणं चालू आहे, बहुधा अंडी नाहीत. एक आत गेला आणि वीस-पंचवीस मिनिटं बाहेरच आला नाही: अंडी उबवणं चालू. दर काही मिनिटांनी चोचीत किडा-अळी घेऊन आत, आणि बाहेर येताना चोचीत पांढरी गोळी: पिल्लं आहेत. ती पांढरी गोळी म्हणजे पिल्लाची विष्ठा, आईबाप ती उचलून लांब नेऊन टाकतात. कबुतरं हे करत नाहीत, म्हणून कबुतराच्या घरट्याभोवती शिटेची कड तयार होते आणि वास येतो.

घरट्याच्या बांधणीवरूनही मालक ओळखता येतो. चार वाकड्या काड्या, एखादी तार, वर दोन पांढरी अंडी: कबूतर. भोक गच्च भरेल इतकं गवत, चिंध्या, प्लास्टिक, कधी सापाची कातसुद्धा, आणि आत निळसर अंडी: साळुंकी. गवताचा गोळा, आत पिसं आणि कापूस: चिमणी. काथ्या आणि कापसाचा गोल गोळा, शेजारी कुरतडलेली वायर: ती खार आहे, आणि खारीला प्लास्टिकची जाळी अडवत नाही.

आत बघायचं असेल तर मोबाइलला जोडायचा छोटा वायरवाला कॅमेरा मिळतो, बोअरस्कोप म्हणून. तो नसेल तर सेल्फी स्टिकवर मोबाइल लावून व्हिडिओ काढा. हातानं चाचपून बघू नका. आत पिल्लू असलं तर ते मागे सरकून पाइपात अडकतं.

अंडी किंवा पिल्लं असतील तर थांबा

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणं आणि अंडी किंवा घरटं हलवणं-विस्कटणं येतं. कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहार तेच सांगतो: पिल्लं आत असताना भोक बंद केलं तर ती आतच मरतात, आणि मेलेल्या पिल्लाचा वास व माश्या पंधरा दिवस पुरतात.

किती थांबायचं ते पक्ष्यावर आहे. चिमणीची अंडी ११ ते १४ दिवसांत फुटतात आणि पिल्लं साधारण दोन आठवड्यांत उडतात. अंड्यापासून धरलं तर महिनाभर. साळुंकीला उबवायला अडीच आठवडे आणि पिल्लं उडायला आणखी तीन-साडेतीन आठवडे. म्हणजे सहा आठवडे. कबूतर सगळ्यांत चिवट: १७ ते १९ दिवस उबवणं, मग चार ते पाच आठवडे पिल्लं. शिवाय पहिली पिल्लं जागेवर असतानाच मादी शेजारी पुढची अंडी घालते. त्यामुळे कबुतराच्या बाबतीत ‘पिल्लं उडाली की बघू’ असं म्हणत बसलात तर बघणं होतच नाही. पिल्लांना पूर्ण पिसं आली आणि ती कठड्यावर येऊन बसायला लागली की रोज सकाळी नजर टाका. शेवटचं पिल्लू गेलं आणि नवीन अंडी नाहीत तो दिवस गाठायचा.

थांबण्याच्या काळात पंखा वापरू नका. बटणावर चिकटपट्टी लावा, म्हणजे पाहुणा चुकून लावणार नाही. अडकलेलं पातं आणि चालू वीज एकत्र आली की मोटर तापून वाइंडिंग जळतं, आणि भोवती वाळलेलं गवत असतं हे विसरू नका. आतल्या बाजूनं पंख्याच्या चौकटीवर जाड प्लास्टिक लावून कडा चिकटपट्टीनं बंद करा. हे प्लास्टिक शिटेच्या वासासाठी नाही. घरट्यात माइट नावाचे, टाचणीच्या टोकाएवढे रक्त पिणारे किडे असतात. पिल्लं उडून गेली की ते उपाशी पडतात आणि उबदार अंग शोधत खोलीत उतरतात. ‘पक्षी गेले आणि घरात सगळ्यांना खाज सुटली’ ही तक्रार इथून येते. म्हणून पिल्लं गेल्यावर दोन-तीन दिवसांत घरटं निघालं पाहिजे, महिन्यानं नाही.

बांधणी नुकती सुरू असेल, अंडी नाहीत याची खात्री असेल, तर मात्र वाट बघू नका. त्याच दिवशी काडीकचरा काढा आणि लगेच जाळी लावा. जाळी उद्यावर टाकली तर साळुंकी उद्या दुपारपर्यंत अर्धं घरटं उभं करते.

काढणं

लागणारं सामान: एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा, फवाऱ्याची बाटली, दोन जाड कचरापिशव्या, लांब चिमटा किंवा टोक वाकवलेली जाड तार, स्क्रूड्रायव्हर, टेस्टर, आणि हलणार नाही असा घोडा. कापडी रुमाल मास्कच्या जागी चालत नाही. वाळलेल्या शिटेच्या धुळीत बुरशीचे कण असतात, आणि कबुतरांच्या धुळीनं फुप्फुसाला सूज येऊ शकते. घरात दमेकरी, लहान मूल किंवा कमी प्रतिकारशक्तीची व्यक्ती असेल तर काम चालू असताना तिला दुसऱ्या खोलीत ठेवा आणि दार लावा.

काम सकाळी उजेडात करायचं. रात्री मोठे पक्षी आत झोपायला आलेले असतात. अंधारात जाळी ठोकली तर त्यांनाच कोंडून घ्याल.

१. पंख्याचं बटण नाही, त्या सर्किटचा एमसीबी (मेन बोर्डवरचा त्या लाइनचा स्विच) बंद करा. टेस्टरनं तपासा. वायरिंगचा फोटो काढून मग वायर सोडवा.

२. पंख्याचे चार स्क्रू काढून पंखा आत उतरवा. जुन्या इमारतींत तो प्लास्टरमध्ये बसवलेला असतो. तेव्हा कडा कटरनं मोकळी करा, ओढू नका.

३. घरट्यावर साबणाच्या पाण्याचा हलका फवारा मारा आणि पाच मिनिटं थांबा. धूळ बसली पाहिजे, पाणी खाली गळता कामा नये. कोरडं झाडू नका. घरचा व्हॅक्यूम क्लीनरही नको, तो बारीक धूळ मागच्या बाजूनं खोलीत फेकतो.

४. घरटं तुकड्यातुकड्यानं पिशवीत. पिशवी दुसऱ्या पिशवीत घालून गाठ मारा. वाकलेल्या पाइपात गवताचा बोळा शेवटच्या वळणावर बसलेला असतो. तो मागे ढकलू नका, तारेचा आकडा त्याच्या पलीकडे नेऊन आपल्याकडे ओढा.

५. भोकाच्या चारही बाजू साबणानं पुसा, मग एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं मिश्रण लावून दहा मिनिटांनी पुसून घ्या. शीट साबणानं आधी काढायचीच, थेट तिच्यावर ब्लीच ओतायचं नाही. बाथरूममध्ये संडास साफ करायचं अॅसिड ठेवलेलं असतं. ते आणि ब्लीच एकत्र आलं तर क्लोरीन वायू निघतो. अॅल्युमिनियमच्या पाइपाला ब्लीच लावू नका, साबण पुरे.

बंद करणं: इथेच बहुतेक जण चुकतात

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे जाळी आतल्या बाजूनं, पंख्याला लागून लावणं. मग बाहेरून सहा-सात इंच खोल कोनाडा उरतो, आणि पक्षी जाळीला टेकून त्यात घर करतात. पूर्वी निदान पंखा काढून हात पोहोचायचा, आता मध्ये जाळी. जाळी बाहेरच्या भिंतीच्या पातळीला हवी.

दुसरी चूक मच्छरदाणीची जाळी. बाथरूमची धूळ आणि ओल, किंवा स्वयंपाकघराचं तेल, काही महिन्यांत ती लिंपून टाकतं. हवा जात नाही म्हणून कोणीतरी ती फाडतं आणि पक्षी परत येतात. अर्ध्या इंची, म्हणजे साधारण १२.५ मिलिमीटर चौकोनाची वेल्डमेश जाळी घ्या. तार एक मिलिमीटर जाडीची असेल तर ८५ टक्के जागा मोकळी राहते, पंख्याला फरक पडत नाही, आणि चिमणी आत शिरत नाही. पाऊण इंचापर्यंत चालेल. त्यापुढे चिमणी आत जाते. मुंबई, ठाणे, कोकण, गोवा इथं गॅल्व्हनाइज्ड जाळी खाऱ्या हवेत लवकर गंजते. तिथं ३०४ ग्रेडची स्टेनलेस स्टीलच घ्या. स्क्रूही स्टेनलेस, नाहीतर जाळी टिकते आणि स्क्रू गंजून गळतात.

उंच मजल्यावर बाहेरून लावता येत नाही, म्हणून आतून लावायची युक्ती अशी. भोक १२ बाय १२ इंच असेल तर १६ बाय १६ इंच जाळी कापा. चारही कोपऱ्यांतून दोन-दोन इंचाचा चौकोन कापून टाका. मग चारही कडा दोन इंच आपल्याकडे दुमडा. तयार होते उथळ ट्रे. हा ट्रे पालथा, म्हणजे सपाट बाजू बाहेर आणि दुमडलेल्या कडा आपल्याकडे, असा भोकातून सरकवत बाहेरच्या कडेपर्यंत न्या. दुमडलेल्या कडा भोकाच्या आतल्या भिंतींना टेकतात. तिथं ६ मिलिमीटरचं भोक पाडून गट्टी बसवा आणि मोठा वॉशर घालून एक इंची स्क्रू मारा. चार ते सहा इंचांवर एक स्क्रू, एका बाजूला किमान दोन. ट्रे भोकापेक्षा जरासा लहान दुमडा, नाहीतर प्लास्टरच्या खडबडीत अडकतो. भोक वेडंवाकडं असेल तर कडेची फट सिमेंटनं भरा. अंगठा शिरेल एवढी फट राहिली तर काम झालं नाही असं समजा.

खिडकीतून वाकून, दोरी धरून, शेजाऱ्याला पाय धरायला सांगून हे काम करू नका. आतून जमत नसेल तर सेफ्टी बेल्ट लावून काम करणारी माणसं बोलवा.

पीव्हीसीचा गोल चार इंची व्हेंट पाइप असेल तर जाळी बांधत बसण्यापेक्षा प्लंबिंगच्या दुकानातून त्याच मापाचं व्हेंट काऊल, म्हणजे पाइपाच्या तोंडावर बसणारी जाळीदार टोपी, आणून वर घाला. तार आणि प्लास्टिक टाय हे तात्पुरते इलाज. पांढरे टाय उन्हात वर्ष-दोन वर्षांत तडकतात आणि जाळीचा एक कोपरा सुटतो. साळुंकीला तेवढा कोपरा पुरतो.

जाळी लावल्यावर निदान तासभर बाहेरून बघा. जुनी जोडी येऊन जाळीवर टोचते, ओरडते, एक-दोन दिवसांत निघून जाते. पण पक्षी चोचीत किडा घेऊन जाळीसमोर घिरट्या घालत असेल, तर आत पिल्लू राहिलंय. जाळी लगेच काढा.

किचन चिमणीचा पाइप

इथं प्रश्न थोडा वेगळा. सहा इंची पाइपाच्या बाहेरच्या टोकाला काऊल कव्हर असतं आणि त्यात हवेच्या दाबानं उघडणारी झडप. कव्हर आहे, तरी साळुंकी आत गेली कशी? कारण झडपेवर तेलाची चिकट पुटं बसली आणि ती अर्धी उघडी राहिली. दर तीन महिन्यांनी झडप धुवा आणि बोटानं हलवून सोडा. ती आपोआप मिटली पाहिजे. धुण्याचा सोडा अॅल्युमिनियमला लावू नका, ते काळं पडून खाल्लं जातं. गरम पाणी आणि भांड्यांचा साबण.

इथं जाळी लावायची तर अर्ध्या इंचापेक्षा बारीक नको, आणि ती काढून धुता येईल अशी हवी. पाइपात घरटं असताना किचन चिमणी चालवू नका. तेलानं माखलेलं गवत आणि खाली फोडणी, याहून वाईट जोड नाही. अॅल्युमिनियमचा लवचिक पाइप फाटलेला आढळला तर शिवू-चिकटवू नका, बदला. त्याच्या घड्यांत काड्या अडकून राहतात.

एसीची भोकं आणि बाहेरचं युनिट

स्प्लिट एसीच्या पाइपासाठी भिंतीत पाडलेलं भोक पाइपापेक्षा मोठं असतं आणि बसवणारा ते बऱ्याचदा उघडंच सोडून जातो. नुसता फोम भरू नका, साळुंकी तो टोचून काढते आणि उंदीर कुरतडतो. फोमवर सिमेंट किंवा झाकण हवं. बाहेरच्या युनिटमागे कबूतर बसत असेल तर दोन्ही बाजूंच्या आणि वरच्या फटींना जाळी लावा, पण समोरून गरम हवा बाहेर पडते ती बाजू आणि मागची जाळीदार बाजू झाकू नका. ताडपत्री गुंडाळल्यावर एसी थंड करत नाही म्हणून तक्रार येते, ती यामुळेच.

डक्टला किंवा शाफ्टला नायलॉनची जाळी लावणार असाल तर कबुतरासाठी दोन इंची चौकोन पुरतो, साळुंकीसाठी सव्वा इंचाच्या आतला, चिमणीसाठी पाऊण इंच. जाळी ताणून लावायची. सैल जाळीत पक्षी अडकून लोंबकळतात आणि सोडवायला अग्निशमन दलाला बोलवावं लागतं.

जे चालत नाही

अल्ट्रासॉनिक यंत्र: पक्ष्यांना माणसापेक्षा वरचे आवाज ऐकू येत नाहीत, त्यामुळे ते यंत्र फक्त विजेचं बिल वाढवतं. चमकत्या सीडी आणि प्लास्टिकचं घुबड: आठवडाभर. नंतर कबूतर घुबडाच्याच डोक्यावर बसतं. डांबरगोळ्या: बंद बाथरूममध्ये त्यांचा वास माणसालाच त्रास देतो. चिकट जेल: पिसांना चिकटून पक्षी उडू शकत नाही, लहान पक्षी तर मरतोच. काटे: सज्जाच्या कडेला कबुतरासाठी ठीक, भोकात निरुपयोगी. काट्यांमध्ये काड्या अडकवून घरटं आणखी मजबूत होतं.

वेळ कोणती

चिमणी आणि साळुंकीचा हंगाम महाराष्ट्रात साधारण उन्हाळ्याच्या तोंडाशी सुरू होतो आणि पावसाळा सरेपर्यंत चालतो. म्हणजे दिवाळीच्या साफसफाईपासून जानेवारीअखेरपर्यंतचे दिवस जाळीसाठी सोयीचे. त्यात घरातली सगळी भोकं एकदम करा. एकच बंद केलं तर जोडी शेजारच्या भोकात सरकते, आणि शेजारी तुमच्या नावानं खडे फोडतात. सोसायटीत एका शाफ्टमधले सगळे मजले एकत्र केले तर मजुरीही वाचते.

चिमण्यांना घालवल्याचं वाईट वाटत असेल तर जवळच्या भिंतीवर लाकडी पेटी लावा: तळ साधारण १५ बाय १५ सेंटिमीटर, भोक ३२ मिलिमीटर, उंची दहा फूट, तोंड दुपारच्या उन्हाकडे नको. भोक याहून मोठं ठेवलं तर साळुंकी ताबा घेते. २० मार्चचा जागतिक चिमणी दिवस नाशिकच्या नेचर फॉरेव्हर सोसायटीनं सुरू केला. पण पेटी लावायला त्या दिवसाची वाट बघू नका, जानेवारीतच लावा. जाळी लागली आणि पेटी नंतर आली, तर मधल्या दिवसांत चिमण्या मीटर बॉक्समध्ये घर करतात.